जाळाची पिशवी

काडीपेटी विकत घेताना ती कानाशी नेऊन खुळखुळवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. अहमदपूरच्या बाजारात किराणा दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून सोनकांबळेबाई पेटी हलवायच्या, डोळे बारीक करून ऐकायच्या आणि "ही न्हाई, दुसरी द्या" म्हणायच्या. दमट काड्यांचा आवाज निराळा येतो असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यावर भागायचं नाही. पेटी पसंत पडली की तिच्यातली एक काडी तिथंच ओढून बघायच्या. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "बाई, तेल घेताना काय पिऊन बघता का?"

"तेल खराब निघालं तर एक भाजी बिघडते," बाई म्हणाल्या. "काडी खराब निघाली तर वर्गभर पोरी थंडीत बसतेत."

त्याने मुकाट्याने दुसरी पेटी काढून दिली. पुढे पुढे तर बाई पायरी चढताना दिसल्या की तो आपणच दोन-चार पेट्या कानाशी हलवायचा आणि त्यातली एक पुढे ठेवायचा.

माझी त्यांच्याशी गाठ पडली तेव्हा मी लातूरहून नुकतीच अहमदपूरच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला आले होते. त्या भूगोल शिकवायच्या. पण गावात त्यांची ओळख भूगोलाची नव्हती, शिबिराची होती. दर हिवाळ्यात नववीच्या मुलींना घेऊन त्या बालाघाटच्या डोंगरात एका तलावाच्या काठी तंबू ठोकून दोन रात्री राहायच्या. स्वयंपाक मुलींचा, पहारा मुलींचा आणि जाळही मुलींचाच. आम्ही बाकीचे शिक्षक तांदूळ, डाळ, सतरंज्या, औषधं बघायचो. जाळाची पिशवी मात्र बाई स्वतः भरायच्या. ती भरताना जवळ बसलेलं माणूस त्यांना चालायचं, मधे हात घातलेला चालायचा नाही.

बाई उंच आणि काटकुळ्या होत्या. अंगावर सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. डावी भुवई कायम अर्धी. ती कधीतरी जाळात गेली ती पुन्हा आलीच नाही, की आली की परत जळायची, हे मी त्यांना बरेचदा विचारलं. "एक हाय की अजून," एवढंच उत्तर मिळायचं. शाळेत त्यांना सगळे घाबरायचे, पण त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला मुलींची भांडणं व्हायची, कारण बाई शिकवताना फळ्याजवळ कधी थांबायच्याच नाहीत. त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि तिथून सगळ्या जगाच्या नद्या सांगायच्या.

शिबिराच्या आधीच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीतलं मोठं टेबल त्यांच्या ताब्यात जायचं. वर्षभर साठवलेल्या नारळाच्या शेंड्या उन्हात वाळवून, पिंजून आणलेल्या असायच्या. पंक्चरवाल्याकडून मागून आणलेल्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या त्या शाळेच्या कात्रीने बोटभर पट्ट्या कापायच्या. रबर ओलं असलं तरी पेटतं आणि लवकर विझत नाही. कापसाचे बोळे व्हॅसलिनमध्ये चोळून ठेवायच्या. तुरीच्या शेतातून आणलेल्या वाळक्या तुराट्या वीतभर मोडून सुतळीने बांधायच्या. कापराची पुडी असायची. आणि काड्या. घरी मेणबत्त्या वितळवून काड्यांची टोकं त्या मेणात बुडवायच्या, वाळल्या की घट्ट झाकणाच्या डबीत भरायच्या. अशी काडी पाण्यात पडली तरी मेण खरवडून ओढली की पेटते. पहिल्या वर्षी हा सगळा पसारा बघून मी म्हटलं, "बाई, बाजारात लायटर मिळतो की."

"मिळतो. थंडी वाढली की त्याचा ग्यास बसतो खाली. मग अंगठा सोलंपर्यंत खटखट करत बस." त्या पट्ट्या कापतच राहिल्या. "बेभरवशाचं काम हाय ते. सुनंदा, तू ग्यासच्या घरातली. तुला जाळ म्हणजे बटण वाटून राहिलं."

मी खरोखरच गॅसच्या घरातली होते. काड्या मात्र त्या कधी एका ठिकाणी ठेवायच्या नाहीत. एक डबी पिशवीत, एक स्वतःच्या कमरेच्या बटव्यात आणि तिसरी एखाद्या मुलीकडे. कोणत्या मुलीकडे, ते आम्हालाही सांगायच्या नाहीत.

ह्या तिसऱ्या डबीची किंमत मला पहिल्याच शिबिरात कळली. डोंगर चढायच्या आधी पायथ्याशी मारुतीचं देऊळ लागतं. बाई तंबूंच्या गाडीबरोबर पुढे गेल्या होत्या, मुलींबरोबर मी आणि आमचे खेळाचे शिक्षक केंद्रेसर. सरांनी मुलींना देवळासमोर थांबवलं, म्हणाले, नारळ-कापूर काही आणलंय का कुणी. ज्या मुलीच्या खांद्यावर बाईंची पिशवी होती तिने आत बघितलं. कापूर आहे. काड्या आहेत. कापूस आहे. नारळाचीही शेंडी आहे, म्हणजे नारळ कुठेतरी असेलच. बाईंनी पूजेची पिशवी दिली असणार असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, जाळाची पिशवी बाईंबरोबर पुढे गेली असेल, ही निराळी असेल. व्हॅसलिनच्या बोळ्यांच्या वाती पणतीत छान लागल्या. कापूर झाडून सगळा लावला. तुराट्या आणि शेंड्या कुणीतरी धुपाटण्यात घातल्या. मारुतीची अशी लखलखीत आरती त्या देवळात आधी झाली नसेल. केंद्रेसरांचा आवाजही त्या दिवशी विशेष लागला होता.

वर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. बाईंनी पिशवी उघडली. आत ट्यूबच्या पट्ट्या तेवढ्या उरल्या होत्या. डबीत काड्या नव्हत्या, कारण वारा असल्याने आरतीला बऱ्याच ओढाव्या लागल्या होत्या. कमरेची डबी त्यांनी वाटेत गाडीच्या ड्रायव्हरला विडी पेटवायला दिली होती, आणि तो तंबू उतरवून तसाच परत गेला होता. बाईंनी केंद्रेसरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाई बौद्ध. देवळाच्या पायरीशी त्यांचा कधी संबंध नव्हता, पण त्या एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत.

"सर, देवाला थंडी वाजत न्हाई," त्या म्हणाल्या. "आता आपल्याला वाजणार हाय."

मग त्यांनी रांगेतल्या एका बारक्या मुलीला हाक मारली. तिने दोन्ही वेण्यांच्या मधून, मानेमागे बांधलेल्या रुमालातून डबी काढून दिली. रबराच्या पट्टीवर जाळ झाला, भात शिजला, आणि केंद्रेसरांनी त्या रात्री सगळी भांडी घासली. पुढच्या वर्षीपासून बाईंनी एक निराळी छोटी पिशवी करायला सुरुवात केली. तिच्यात एक नारळ, कापराची वडी आणि उदबत्ती. "हा देवाचा वाटा," म्हणून ती केंद्रेसरांच्या हातात द्यायच्या. "माझ्या पिशवीला हात लावायचा न्हाई."

सरांना मात्र त्या भांड्यांचा फार विषाद वाटला असावा. पुढच्या शिबिराला त्यांनी बाटलीतून पेट्रोल आणलं. म्हणाले, बाई, आता तुमच्या काड्याच नकोत, एका झटक्यात काम. बाईंनी बाटली हातात घेतली, टोपण घट्ट केलं आणि सरांच्या मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवून आल्या. "हे गाडीला पाजा. जाळाला न्हाई." मग सगळ्या मुलींना गोल बसवून त्यांनी त्यांचा एकमेव पाठ घेतला. आधी करंगळीएवढं लाकूड, मग मनगटाएवढं, मग दंडाएवढं. करंगळी पुरती पेटल्याशिवाय मनगट नाही, मनगट धगधगल्याशिवाय दंड नाही. ज्याला घाई त्याने झोपून राहावं. केंद्रेसर त्या गोलात मुलींच्या मागे बसून ऐकत होते आणि आपली करंगळी न्याहाळत होते.

माझ्या लग्नात बाईंनी आहेर काय द्यावा? लातूरच्या मंगल कार्यालयात स्टीलच्या डिनर सेटांच्या ढिगात एक चपटी डबी निघाली, आत मेण लावलेल्या काड्या. माझ्या सासूबाईंचा चेहरा पडला. लग्नात काड्या म्हणजे घरात भांडण, हे त्यांनी चार बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. बाई पंगतीतून उठून त्यांच्यापाशी गेल्या.

"मावशी, घरात आग लावणारीला काडी लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "ही काडी सून तुम्हाला च्या करून घालायसाठी हाय."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ती डबी त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवून घेतली. वीज गेली की त्यातली एक काडी त्या काढतात, मला वापरू देत नाहीत.

बाईंचा धाक होता, पण तो पोरींना जाळणारा नव्हता. एका वर्षी अश्विनी नावाची एक मुलगी होती. लहानपणी घरात स्टोव्हचा भडका उडून तिचा हात भाजलेला. ती काडी हातात घ्यायची नाही. बाकीच्या मुली एकेक करून जाळ करून दाखवत होत्या, आणि ही पाठ फिरवून तलावाकडे बघत बसलेली. मला वाटलं, बाई तिला पुढे ओढतील, भीती मोडायची म्हणून. बाईंनी जाळाची पिशवी उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "ही कोरडी ठेवायची. एवढंच काम."

त्या संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. मराठवाड्यात पाऊस बोलावून येत नाही आणि न बोलावता येतो, तसा आला. तंबू वाकले, सतरंज्या भिजल्या, गोळा केलेलं लाकूड भिजलं. पाऊस थांबल्यावर कुडकुडत सगळ्या बाहेर आल्या, आणि ताडपत्रीच्या घडीतून अश्विनी निघाली. पिशवी तिने स्वेटरच्या आत पोटाशी धरली होती आणि वर आपण वाकून बसली होती. स्वतः नखशिखांत भिजलेली, पिशवी कोरडी ठणठणीत. बाईंनी उभ्या वाळलेल्या बाभळीच्या फांद्या तोडून आणवल्या, साल सोलून आतलं कोरडं लाकूड काढलं आणि जाळ केला. सगळ्या शेकायला बसल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "आजचा जाळ कुणी केला?" मुली म्हणाल्या, बाईंनी. "न्हाई," बाई म्हणाल्या, "अश्विनीनं केला." अश्विनीने त्या शिबिरात शेवटपर्यंत काडी ओढली नाही. बाईंनीही तिला पुन्हा विचारलं नाही.

एवढा हा जाळाचा ध्यास कशासाठी, हे मी त्यांना एकदाच विचारलं. दुपारची वेळ होती, त्या शेंड्या पिंजत होत्या. त्यांचं माहेर नायगावकडच्या एका खेड्यातलं. आई पहाटे रोजाने निंदायला जायची. चुलीतला विस्तव राखेखाली दडपून ठेवायचा आणि तो विझू द्यायचा नाही हे काम लहान विमलचं, म्हणजे बाईंचं. कधी विझला तर वस्तीत मागायचा, आणि वस्तीतही नसला तर गावात जायचं, हातात खापरी घेऊन.

"गावातली बाई उंबऱ्यातून इस्तू टाकायची," बाई म्हणाल्या. "लांबून. निम्मा खापरीत, निम्मा पायावर." त्यांनी शेंडीचा एक गोळा करून बाजूला ठेवला. "आई म्हणायची, पोळलं तरी खापरी सोडायची न्हाई. न्हाई सोडली मी कधी."

शेतीवाल्या घरातली मी. आमच्या आजीच्या उंबऱ्यातून कुणी काय टाकलं असेल, हे मला त्या क्षणी आठवायचंही नव्हतं. बाईंनी माझी अडचण ओळखली असावी. "चल, ट्यूब धर," त्या म्हणाल्या. "पोरींना एवढ्यासाठी शिकवायचं की कुणाच्या दारात उभं ऱ्हायला नको. दुसरं काय न्हाई." मी ट्यूब ताणून धरली आणि त्यांनी पट्ट्या कापल्या. पिशवीतल्या वस्तूला त्यांनी मला हात लावू दिला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

निवृत्तीनंतर बाई मुलाकडे नांदेडला राहायला गेल्या. यजमान आधीच गेले होते. मुलगा मिलिंद इंजिनिअर, सून प्रज्ञा बँकेत. दोघंही मायाळू. जाताना बाईंनी शिबिर माझ्या गळ्यात घातलं आणि सांगितलं, "मी येत जाईन थंडीत." दोन हिवाळे आल्याही. तिसऱ्या वर्षी त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसं निकामी होत चाललीत, लहानपणापासूनचा चुलीचा धूर. पलंगाशी ऑक्सिजनचं यंत्र आलं, नाकात नळी आली, आणि त्या यंत्राच्या जवळपास कसलीही ज्योत नको म्हणून घरातली आग बाहेर गेली.

मी भेटायला गेले तेव्हा प्रज्ञाने मला ते सगळं दाखवलं. गॅसच्या जागी विजेची शेगडी. घरात एक काडी नाही. बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्तीसुद्धा बॅटरीवर चालणारी. बाई पलंगावर उशाला टेकून बसल्या होत्या. भुवई पूर्ण उगवली होती.

"बघितलीस का मेणबत्ती?" त्यांनी विचारलं. बोलताना मधे थांबून श्वास घ्यायच्या. "फुंकली तरी इझत न्हाई ती."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी माझा हात धरला. "सुनंदा, मला एकदा जाळापाशी बसवून आण. लई वाटून राहिलंय. इथं सगळं हाय. पोरगं चांगलं हाय, सून चांगली हाय. पण अंग गार पडलंय माझं. रग घातली तरी जात न्हाई."

मिलिंदने दारातून ते ऐकलं. जाताना तो मला जिन्यापर्यंत सोडायला आला. "मॅडम, तुम्ही तिला आशा लावू नका," तो म्हणाला. "तिला काही झालं तर मी काय करू?" त्याचं खोटं नव्हतं. आई हवी म्हणूनच त्याने घरातली प्रत्येक काडी वेचून बाहेर टाकली होती. मी हो म्हणून निघाले. बसमध्ये मुखेडचा फाटा आला नि गेला, पण बाईंची ती गार बोटं माझ्या हातातून जाईनात.

शिबिराच्या आधी मी पुन्हा गेले ते पिशवी आणायला. बाईंनी ती भरून ठेवली होती. प्रज्ञाने शेंड्या वाळवल्या होत्या, मिलिंदने कुठूनतरी ट्यूब आणून दिली होती. पट्ट्या वेड्यावाकड्या कापल्या होत्या. "सगळं भरलंय," बाई म्हणाल्या. "काड्या तेवढ्या तू घाल. आमच्याकडं न्हाईत." आयुष्यभर ज्यांनी काडीच्या बाबतीत कुणाचाही भरोसा धरला नाही, त्यांनी हे सांगितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्यानंतर आठवड्याने मिलिंदचा फोन आला. "मॅडम, आई झोपेत फुंकते," तो म्हणाला. "तोंडाचा चंबू करून, चूल फुंकावी तशी. नळी सरकते, मग मला उठून बसवावी लागते." मग म्हणाला, "मी डॉक्टरांना विचारलं. वाटलं, ते नाही म्हणतील आणि माझा प्रश्न मिटेल. ते हो म्हणाले. पण लांब. गाडीतून उतरायचं नाही. धूर नको, ज्योत जवळ नको."

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी मिलिंदची गाडी डोंगराच्या कच्च्या रस्त्याने आली. त्याने आधी उतरून चिमूटभर माती हवेत सोडली, वारा कुठून येतो ते बघितलं आणि गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आमच्या जागेपासून बऱ्याच लांब लावली. सवय आईचीच. बाई पुढच्या सीटवर होत्या, शाल गुंडाळून, नाकात नळी, मागच्या सीटवर सिलिंडर. मी काचेपाशी गेले असते तर त्यांना बोलावं लागलं असतं आणि त्रास झाला असता, म्हणून मी लांबून हात केला. त्यांनी हात केला नाही. लाकडांकडे बोट केलं. म्हणजे काम कर.

मुलींनी जाळ मांडला. शेंड्या, वर तुराट्या, वर करंगळीएवढी लाकडं. मेणाची काडी मी ओढली. पहिल्याच ओढीला पेटली, आणि मी नकळत गाडीकडे बघितलं. तुराट्या तडतडल्या. एका मुलीला धीर धरवेना, तिने एक जाडजूड लाकूड उचलून वर ठेवलं. जाळ दबला, धूर झाला. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. एकदाच, लांबलचक.

मुली दचकल्या. मिलिंद गाडीबाहेर उभा होता, तोही दचकला. त्याने आत बघितलं. बाईंनी वाकून, हात लांब करून, चालकाच्या बाजूचा हॉर्न दाबला होता. ओरडायला दम नव्हता. मी ते लाकूड उचलून बाजूला फेकलं. हॉर्न थांबला. मग करंगळ्या पेटल्या, मनगटं पेटली, जाळ उभा राहिला, आणि मुलींनी गाडीकडे बघून टाळ्या वाजवल्या.

अंधार पडत होता. थंडी उतरू लागली. आम्ही सगळ्या गोल बसलो होतो, तोंडं लाल झाली होती. गाडीची काच थोडी खाली होती आणि तिच्यातून बाई बघत होत्या. इतक्या लांब जाळाचा उजेड पोचत होता, ऊब पोचत नव्हती. मला ते बघवेना. सगळं केलं आणि काहीच केलं नाही असं वाटू लागलं. दरवर्षी जाळाच्या सगळ्यात जवळ बसणारी बाई त्या अंधारात एकटी, काचेआड.

"बाईंना तिथं थंडी वाजत असंल की," एक मुलगी म्हणाली. ह्या मुलींना बाई शिकवायला नव्हत्या. त्यांच्या गोष्टी तेवढ्या त्यांनी ऐकल्या होत्या. तिने दोन्ही हात जाळावर धरले, चांगले तापू दिले, ओंजळ मिटली आणि गाडीकडे धूम ठोकली. काचेतून हात आत घालून तिने बाईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

मिलिंद पुढे झाला, थबकला. मुलीच्या हातात काही नव्हतं. नुसते हात होते.

मग दुसरी पळाली. मग तिसरी. जाळापाशी हात शेकायला रांग लागली आणि तिथून गाडीपर्यंत पळापळ सुरू झाली. कुणी बाईंच्या गालाला हात लावत होती, कुणी कपाळाला, एक तर दार उघडून बाईंच्या पायाशीच बसली आणि पावलं धरून बसली. मीही गेले. मी पोचले तेव्हा बाई एका मुलीला रागावत होत्या, शब्दाशब्दाला थांबून.

"तू... चालत आलीस," त्या म्हणाल्या. "निवलं सगळं. पळत यायचं."

ती मुलगी परत जाळाकडे पळाली. मी बाईंचा हात धरला. खूप दिवसांनी तो कोमट लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या मनात एकच होतं. बाई, तुम्ही राहा. पुढचा पावसाळा लागायच्या आधी बाई गेल्या. अजून बाजारात गेले की मी काडीपेटी कानाशी नेऊन खुळखुळवते आणि म्हणते, ही नाही, दुसरी द्या.

पण त्या संध्याकाळी त्या होत्या. मी बाजूला झाले तेव्हा मिलिंद गाडीजवळ नव्हता. तो जाळापाशी गेला होता. मुलींनी त्याला जागा करून दिली. वर्षभर काडीला काडी लागू न देणारा तो माणूस गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात त्याने जाळावर धरले. बराच वेळ धरले. मुली म्हणाल्या, काका, पोळंल. मग तो उठला आणि हात छातीशी धरून पळत आला, थोडा अडखळत, कच्च्या रस्त्यावर त्याला पळायची सवय नव्हती. खिडकीपाशी वाकून त्याने ते हात आईच्या दोन्ही गालांना लावले.

बाईंनी डोळे मिटले. आपले हात त्याच्या हातांवर ठेवून ते तसेच दाबून धरले. नळीतून श्वास आत जात होता, बाहेर येत होता. मिलिंद रडत होता आणि हात हलवत नव्हता. हात निवेपर्यंत बाई तशाच राहिल्या. मग डोळे उघडून त्यांनी त्याच्या हातावर हलकेच थापटलं.

"जा," त्या म्हणाल्या, "आणखी एकदा आण."